घोड्याआधी आपली मांड घडवा

गडहिंग्लज आणि आसपासच्या गावांत ज्यांच्या दारात घोडं आहे, त्या सगळ्या घरांसाठी हे लिहितो आहे. ज्यांच्या दारात लवकरच येणार आहे, त्यांच्यासाठी तर जास्तच.

आपल्या भागात घोड्याची हौस अजून टिकून आहे. कुणी यात्रेतल्या घोडागाडीच्या शर्यतीसाठी घोडं पाळतो. कुणी वरातीसाठी घोडी ठेवतो. कुणी मुलाच्या हट्टापायी अकलूजच्या बाजारातून शिंगरू घेऊन येतो. शिवजयंतीला तर घोड्यावर बसायला नको म्हणणारा पोरगा शोधूनही सापडत नाही.

ही हौस चांगलीच आहे. ती टिकावी म्हणून चार गोष्टी सांगतो.

घोडं दारात आलं की आपण लगेच त्याला शिकवायला घेतो. चाल म्हटलं की चाललं पाहिजे, थांब म्हटलं की थांबलं पाहिजे. पण शिकवणारा स्वतः पाठीवर कसा बसला आहे, हे कुणी पाहत नाही. घोडं ऐकेना की लगाम आणखी जोरात ओढला जातो. मग चाबूक निघतो. बऱ्याचदा खोट घोड्यात नसते, वर बसलेल्याच्या बैठकीत असते.

म्हणून एकच गोष्ट मनावर घ्या. घोड्याला शिकवण्याआधी आपली मांड पक्की करा. लगाम हा घोड्याशी बोलायला आहे, तुमचा तोल सांभाळायला नाही.

तोल गेला की कुणाला त्रास होतो

डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बांधावरून येणारी बाई तुम्ही रोज पाहता. भारा नीट आवळलेला आणि मधोमध असेल तर ती झपझप चालते. तोच भारा एका अंगाला कलला की तिची मान आखडते, पाऊल वाकडं पडतं, दोन बांध ओलांडेपर्यंत ती दमते. घोड्याच्या पाठीवर तुम्ही तो भारा आहात.

तुम्ही उजवीकडे कलून बसता. घोडं ते ओझं सावरायला एक खांदा दाबतं. महिनाभर हेच चाललं की ते एका बाजूला सहज वळतं आणि दुसऱ्या बाजूला अडतं. तुम्ही म्हणता, घोडं हट्टी आहे.

तुम्ही दर पावलाला दाणकन पाठीवर आदळता. घोडं पाठ आखडतं, डोकं वर फेकतं. तुम्ही म्हणता, घोडं मस्तीला आलं आहे.

पुढचं घरातल्या माणसाला कळतंच. खोगिराखाली कातडी सोलवटते. जखम बरी होईपर्यंत आठ-पंधरा दिवस घोडं नुसतं उभं. वैरण चालू, भरडा चालू, जनावरांच्या डॉक्टरांचे पैसे वेगळे. तोंडाचं जड झालेलं घोडं बाजारात नेलं तर चार माणसं बसून बघतात आणि भाव पाडतात. आणि तुमची स्वतःची कंबर धरते ती निराळीच.

हे सगळं टाळता येतं. त्याला फार पैसा लागत नाही, धीर मात्र लागतो.

आपल्याकडची जुनी शिस्त

नेसरी आपल्याच तालुक्यात. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह तिथे शत्रूच्या फौजेवर तुटून पडले. ती दौड आपल्याला पाठ आहे. पण अशी दौड मारणारं घोडदळ रोज काय करून उभं राहत होतं, ते पोरांना कुणी सांगत नाही.

सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था दिली आहे. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाण्याची आणि खुरांची सोय आधीच ठरलेली. तलवारीच्या गोष्टी सांगताना या दोन माणसांचीही आठवण ठेवा.

दुसरं उदाहरण आजचं आहे आणि शेजारचंच आहे. माउलींच्या पालखीबरोबर चालणारे अश्व चिकोडी तालुक्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे. ते दरवर्षी अंकलीहून चालत आळंदीला जातात. रिंगणात एका अश्वावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर स्वार नसतो, त्यावर माउली विराजमान असतात अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे.

पुढच्या वेळी रिंगण बघाल तेव्हा त्या स्वाराकडे नीट बघा. एक हात पताकेला दिलेला. भोवती हजारो माणसं आणि टाळ-मृदंगाचा गजर. तिथे लगामाला लोंबकळून भागत नाही. स्वार टिकतो तो मांडीच्या आणि कमरेच्या जोरावर.

बसण्याआधी हे तपासा

पहिलं, घोड्याचं वय. तीन वर्षांच्या आतल्या शिंगराच्या पाठीवर कुणी बसू नका, हलकं पोरही नको. मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते. वय सांगणाऱ्यावर विसंबू नका, दात दाखवून घ्या.

दुसरं, वजन. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त होऊ नये, असा जाणकारांचा साधारण हिशेब आहे. घोडं तीनशे किलोचं असेल तर सगळं मिळून साठ किलो. नव्या किंवा अशक्त घोड्यावर त्याहूनही कमी. आपल्याकडची घोडी अंगाने लहान असतात. ऐंशी किलोचा काका हौसेने बसणार असेल तर त्याला हात जोडून खाली उतरवा.

तिसरं, खोगीर. ते पाठीच्या मणक्यावर टेकता कामा नये. पुढून वाकून बघा. मधोमध आरपार उजेड दिसला पाहिजे. तंग आवळल्यावर त्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. खोगिराखालचं कापड रोज उन्हात टाका. त्यातलं एक कुसळ घोड्याला दिवसभर छळतं.

चौथं, रिकिबीची लांबी. खोगिराजवळ उभे राहा. जिथे रिकिबीचा पट्टा अडकवतात तिथे बोटांची टोकं टेकवा आणि हात सरळ ठेवा. रिकीब ओढून काखेत आणा. काखेपर्यंत पोचली की माप साधारण बरोबर. दोन्ही बाजूंच्या रिकिबी सारख्या आहेत का, हे समोर उभं राहून बघा. एका बोटाचा फरक असला तरी तुम्ही दिवसभर तिरके बसता.

पाचवं, तुमची स्वतःची काळजी. डोक्याला घोडेस्वारीचं शिरस्त्राण हवं, हनुवटीचा पट्टा लावलेलं. फेटा शोभेला ठीक आहे, पडल्यावर डोकं वाचवत नाही. पायात थोडी टाच असलेले बूट हवेत, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. चप्पल घालून बसू नका. लगाम मनगटाला किंवा हाताला गुंडाळू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन स्वतःला आणि घोड्याला वेळच्या वेळी टोचून घ्या.

सहावं, एक साधा पट्टा. जुन्या चामड्याचा किंवा जाड निवारीचा पट्टा घोड्याच्या मानेभोवती सैलसर बांधा. तोल गेला की हा पट्टा धरायचा. लगाम धरून सावरायचं नाही. खर्च जवळजवळ नाहीच, पण घोड्याचं तोंड वाचतं.

घोड्याविना करायचा सराव

रोज पंधरा मिनिटं घरातच द्या. पावसाळ्यात माळ निसरडा झाला की हेच करा.

लाकडी पाटावर किंवा बाकावर बसा. दोन्ही तळहात वर करून बुडाखाली घ्या. हाताला दोन टणक हाडं लागतील. आता पाठ गोल करून बसा. वजन मागे माकडहाडाकडे जाईल. मग छाती पुढे काढून कंबर आत वळवा. वजन पुढे मांड्यांकडे जाईल. या दोन्हींच्या मध्ये एक जागा आहे, तिथे ती दोन्ही हाडं सरळ तळहातात रुततात. ती जागा ओळखून ठेवा. घोड्यावर तिथेच बसायचं आहे.

दोन्ही हाडं सारखी रुतली का, तेही बघा. बहुतेकांचं एक जास्त रुततं. तेवढंच वजन घोड्याच्या पाठीच्या एका बाजूला जास्त पडतं.

दुसरा सराव उभ्याने. पाय खांद्याएवढे फाकवा, गुडघे थोडे वाकवा, पाठ ताठ ठेवा. आता श्वास पोटातून घ्या. मनात आकडे मोजत जमेल तितका वेळ तसेच उभे राहा. मर्दानी खेळ शिकलेल्या मुलांना हा पवित्रा लगेच जमतो. मल्लखांब करणाऱ्यांना तर सांगायलाच नको.

तिसरा सराव एका पायावर. दात घासताना डाव्या पायावर उभे राहा, मग उजव्या. ज्या पायावर डगमगता, त्या बाजूकडे पुढे घोड्यावरही लक्ष द्यावं लागणार आहे.

पाठीवर कसं बसायचं

ग्रीसमधला सेनानी झेनोफन याने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. त्याचं सांगणं आजही लागू आहे. स्वाराने खुर्चीत बसल्यासारखं बसू नये, पाय फाकवून उभं राहिल्यासारखं बसावं.

तेच आपण सोपं करून घेऊ. बाजूने पाहिलं तर तुमचा कान, खांदा, कंबरेचा सांधा आणि टाच एका ओळंब्यात यायला हवी. खालचं घोडं अचानक निघून गेलं, तर तुम्ही जमिनीवर दोन पायांवर उभे राहायला हवेत. पाय पुढे गेलेले असतील तर पाठीवर पडाल. मागे गेलेले असतील तर तोंडावर.

वरून खाली एकेक गोष्ट लावत या.

नजर समोर. घोड्याच्या मानेकडे किंवा आपल्या हातांकडे बघू नका. डोकं जड असतं, ते पुढे झुकलं की सगळी पाठ त्यामागे जाते. जिथे जायचं आहे तिकडे बघा.

खांदे सैल. आधी ते कानाकडे उचला, मग सोडून द्या. जिथे पडतील तिथे राहू द्या.

कोपरं बरगड्यांजवळ, थोडी वाकलेली. कोपरापासून घोड्याच्या तोंडापर्यंत हात आणि लगाम एका रेषेत हवेत. मुठी अंगठा वर करून धरा.

कंबर मोकळी. घोडं चालतं तेव्हा त्याची पाठ हलते. ती हालचाल कंबरेने झेला. कंबर आखडली की तेच धक्के खांद्यांत जातात, खांद्यांतून हातात, हातांतून घोड्याच्या तोंडात.

गुडघे आवळू नका. भीती वाटली की गुडघे आपोआप घट्ट होतात. घट्ट गुडघा तुम्हाला खोगिरातून वर उचलतो. मांडी सपाट आणि लांब ठेवा.

पाऊल रिकिबीत चवड्यावर, टाच थोडी खाली. टाच जोर लावून दाबू नका. वजन खाली उतरू दिलंत की टाच आपोआप जाते.

आणि श्वास. श्वास रोखला की घोड्याला कळतं. मनात एखादा अभंग म्हणत बसलात तर श्वास चालू राहतो. कुठला, ते तुमचं तुम्ही ठरवा.

पहिला महिना लांब दोरीवर

नवशिक्याच्या हातात लगाम देऊ नका. ही माझी सगळ्यात कळकळीची सूचना आहे.

मैदानात एक खुंटी ठोका. तिला दहा मीटर दोरी बांधून फिरवा आणि फक्कीने गोल आखा. वीस मीटर रुंद रिंगण तयार झालं. खुंटी काढून घ्या. आता मधोमध जाणत्या माणसाने लांब दोर धरून उभं राहायचं. घोडं शांत आणि वयाने मोठं घ्या. नवा स्वार आणि नवं शिंगरू एकत्र आणू नका. एकाला तरी काम येत असलं पाहिजे.

पहिले काही दिवस फक्त चाल. हात कंबरेवर. मग हात दोन्ही बाजूंना पसरून. मग एक हात डोक्यावर. मग डोळे मिटून चार पावलं, घोड्याचा कुठला मागचा पाय पडतो आहे ते ओळखा. ओळखता आलं की समजा तुमची बैठक ऐकायला लागली.

दोन्ही दिशांना सारखंच फिरा. आपल्याला सोपी वाटते तीच दिशा आपण जास्त घेतो. अवघड दिशेला दोन फेऱ्या जास्त मारा.

मग दुडकी. दुडकीत घोड्याचे पाय तिरप्या जोडीने पडतात. पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग दुसरी जोडी. त्यामुळे दोन ठोके ऐकू येतात. एका ठोक्याला उठा, दुसऱ्याला बसा. उठताना रिकिबीवर उभं राहायचं नाही. कंबर थोडी पुढे न्यायची आणि हलकेच परत टेकायची.

रिंगणात फिरताना बाहेरच्या बाजूचा पुढचा खांदा पुढे जाईल तेव्हा उठा. दिशा बदलली की एक ठोका जास्त बसा, म्हणजे जोडी बदलेल. असं केलं नाही तर घोड्याच्या पाठीची एकच बाजू सतत भार घेते.

दुडकीपुढच्या वेगवान चालींची, म्हणजे कँटर आणि भरधाव यांची, घाई नको. दुडकीत मानेचा पट्टा न धरता, लगाम न धरता, चार फेऱ्या सहज झाल्या की मग पुढचं बघू.

लगाम हातात आल्यावर

घोड्याचं तोंड एकदा जवळून बघा. सवयीच्या माणसाला ओठ बाजूला करायला सांगा. पुढचे दात संपतात आणि दाढा सुरू होतात, त्यामध्ये मोकळी जागा असते. लगामाचं लोखंड तिथे बसतं. तिथे हाडावर फक्त पातळ कातडी आहे. तुम्ही हिसका देता तो तिथे लागतो.

आता एक प्रयोग करा. लगाम घोड्याला न लावता दोघांत धरा. एकाने लोखंडाचं टोक दोन्ही मुठींत घेऊन डोळे मिटावेत. दुसऱ्याने लगाम धरून फक्त बोटं आवळावीत. डोळे मिटलेल्याला ते लगेच कळेल. बोटांनी काम होतं हे एकदा हाताला समजलं की दंडाने ओढायची गरज वाटत नाही.

काटेरी कडियाळं, म्हणजे काटे असलेलं लगामाचं लोखंड, वापरू नका. कुणी सांगेल की वरातीच्या घोडीला त्याशिवाय आवरत नाही. ऐकू नका. प्राणी क्रूरता प्रतिबंधाचा कायदा १९६० चा आहे. त्याखालच्या १९६५ च्या नियमांनी काटे असलेलं कडियाळं आणि साज वापरायला मनाई केली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब साधा आहे. काट्यांनी तोंड फाटलं की घोडं पुढे कुठलाच लगाम मानत नाही.

थांबवण्याची रीत अशी. आधी श्वास सोडा. खोगिरात जड बसा. कंबरेची हालचाल बंद करा. मग बोटं आवळा. घोडं थांबलं की त्याच क्षणी बोटं सैल सोडा. घोडं शिकतं ते या सैल सोडण्यातून. थांबल्यावरही तुम्ही ओढतच राहिलात तर त्याने थांबावं कशासाठी?

वळवण्याची रीतही तशीच. आधी नजर वळवा, मग छाती. वजन आतल्या हाडावर किंचित जास्त. बाहेरचा पाय थोडा मागे. लगाम सगळ्यात शेवटी. पुष्कळदा त्याची गरजच पडत नाही.

घोडं काय सांगतं ते ऐका

कान सतत मागे चिकटलेले, शेपटी सारखी फडकते, तोंड उघडं, डोकं वर. ही घोड्याची तक्रार आहे. चाबूक उचलण्याआधी स्वतःकडे बघा. कुठे कललो आहे? हात कुठे अडकले आहेत?

कान मोकळे हलतात, मान लांब होते, घोडं फुरफुरून नाक मोकळं करतं, हळूहळू चघळतं. हे चांगलं लक्षण. तिथेच त्या दिवसाचं काम थांबवा आणि मानेवर हात फिरवा.

खोगीर काढल्यावर पाठ बघायची सवय लावा. घाम दोन्ही बाजूंना सारखा आला आहे का? घामात एखादाच कोरडा डाग असेल तर तिथे दाब जास्त पडत असू शकतो. एका बाजूचे केस विस्कटले असतील तर तुम्ही त्या बाजूला घसरता आहात. खोगिराच्या जागी पांढरे केस उगवू लागले तर दुखणं जुनं आहे असं समजा. मग पाठीवर बसणं बंद ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

मोबाइलचाही उपयोग करा. घरातल्या कुणाला तरी बाजूने आणि मागून चित्रण करायला सांगा. मागून बघताना तुमचा कमरेचा पट्टा आडवा सरळ आहे का आणि तुमचा कणा घोड्याच्या शेपटीच्या रेषेत आहे का, एवढंच तपासा. ते चित्रण आपल्याला बघायला आहे, लोकांना दाखवायला नाही.

घोडं बुजलं तर

ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला, कुत्रं अंगावर आलं, प्लास्टिक उडालं. घोडं बाजूला उडी मारतं. त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, त्यामुळे तुम्हाला न दिसलेलं त्याने आधीच पाहिलेलं असतं.

अशा वेळी पुढे वाकून मान धरू नका. मागे बसा. टाचा खाली. श्वास सोडा. मानेचा पट्टा धरा. घोडं पळालंच तर दोन्ही लगाम एकदम खेचू नका. एका हाताने हळूहळू मोठ्या गोलात वळवा आणि गोल लहान करत आणा. ओरडू नका. आपल्या ओरडण्याने ते आणखी भितं.

आणि पडलात तर लगाम सोडून द्या. घोडं नंतर सापडतं.

कुठे आणि केव्हा

सरावाला मऊ, सपाट जागा हवी. भुईमूग काढलेलं रान चांगलं. सोयाबीनच्या रानात नेऊ नका, तिथली धसकटं टोकदार असतात. पावसानंतर चिखलाचं रान आणि शेवाळलेला कातळ, दोन्ही टाळा.

संकेश्वर-बांदा रस्त्यावर घोडं घालू नका. ऊसतोडीच्या हंगामात तर गावातला लहान रस्ताही टाळा. भरलेली ट्रॉली वळणावर घोड्याला जागा देत नाही. डांबरावर नाल घसरतो हेही लक्षात ठेवा.

सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर काम घ्या. आधी दहा मिनिटं नुसती चाल, शेवटी दहा मिनिटं नुसती चाल. मधलं शिकवणं नव्या घोड्याला वीस-पंचवीस मिनिटं पुरे. दमलेल्या स्वाराची मांड आधी सुटते आणि दमलेलं घोडं चुकीचंच शिकतं.

मिरवणुकीचं विशेष सांगतो. डॉल्बीच्या भिंतीपुढे नवं घोडं उभं करू नका. नव्या स्वाराला तर त्यावर मुळीच बसवू नका. शिवजयंतीला मुलाला घोड्यावर बसवायचं असेल तर तयारी दिवाळीपासून सुरू करा.

मुलं आणि मुली

मुलगा शिकत असेल तर मुलीलाही बसवा. पक्क्या बैठकीला जोरापेक्षा तोल जास्त लागतो, आणि तो मुलींनाही तितकाच येतो.

चीनमधल्या हांगझोऊला २०२३ च्या आशियाई खेळांत भारताने ड्रेसाज या प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळवलं. घोडेस्वारीतलं हे सुवर्ण १९८२ नंतर पहिल्यांदाच आलं. संघात चौघं होती. सुदिप्ती हाजेला आणि दिव्यकृती सिंग या दोन मुली, अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा. मुलांना त्या स्पर्धेचं चित्रण दाखवा. घोडं तालात पाय उचलतं, जागच्या जागी वळतं, आणि वर बसलेला माणूस काही करतो आहे असं दिसतच नाही. सगळं काम बैठकीतून चाललेलं असतं.

आपल्या वरातीतली घोडीही नाचते. ती कशाने नाचते, याचा विचार मात्र तुम्ही करा.

मुलांना पाठीवर बसवण्याआधी खरारा करायला लावा, पाणी पाजायला लावा, लीद उचलायला लावा. घोड्याच्या अंगाला हात लावून ज्याने चार महिने काढले, त्याला घोडं कधी दुखतं आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता एवढं करा

या आठवड्यात घोडं तसंच राहू द्या. पाटावर बसून ती दोन हाडं शोधा. रिकिबी मापा. खोगिरातून उजेड दिसतो का बघा. लगामाच्या लोखंडावरून बोट फिरवा. टोचलं तर ते बदला. मानेसाठी पट्टा शिवून घ्या.

पुढच्या आठवड्यात फक्कीचं रिंगण आखा आणि मधोमध दोर धरायला गावातला जाणता माणूस बोलवा. शर्यतीचं घोडं राखणारे, नाल ठोकणारे, सैन्यातून निवृत्त झालेले, कुणी ना कुणी सापडेल. त्याला चहा पाजा आणि तो सांगेल ते ऐका.

त्यानंतर महिनाभर लगाम खुंटीला. मुलगा रुसेल, शेजारी हसतील, भावकीतला कुणीतरी येऊन म्हणेल की आमच्या वेळी असलं काही नव्हतं. त्यांनाही एकदा दोरीवरच्या घोड्यावर हात पसरून दुडकीत बसवा. चार फेऱ्या झाल्या की तेच उतरून रिकिबीचं माप विचारतील.